इअरफोन : कानात बसेल तो घ्यावा

कानाशी धरून ऐकावयाच्या यंत्राशी बंगळूर शहराचे नाते जुने आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात, १९४८ साली, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना तेथे स्थापन झाला आणि त्याच्याभोवती वसलेल्या वसाहतीला ‘दूरवाणीनगर’ असे अन्वर्थक नाव मिळाले. पुढे कित्येक दशके आपल्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत आणि सुस्थित घरांत जे काळे, जड टेलिफोन दिसत, त्यांपैकी पुष्कळसे याच कारखान्यातून आलेले असत. त्या टेलिफोनच्या कानाकडच्या टोकात एक लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा असे. विजेचा प्रवाह कमीजास्त झाला की पडदा थरथरे आणि दूरच्या माणसाचा आवाज कानी येई. आज मुलांच्या कानांत जो करंगळीच्या पेराएवढा इअरफोन दिसतो, त्याच्या पोटातही बहुधा चुंबक, वेटोळे आणि पडदा हेच तीन घटक असतात. आकार लहान झाला, तत्त्व तेच राहिले.

त्याच बंगळुरात आज आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई नोकरीनिमित्त राहतात. शहर अफाट पसरले आहे. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोची जांभळी मार्गिका पश्चिमेच्या चल्लघट्ट्यापासून पूर्वेच्या व्हाइटफील्डपर्यंत सलग धावू लागली; हे अंतर त्रेचाळीस किलोमीटरांहून अधिक आहे. रोज इतका प्रवास करणाऱ्या माणसाला सोबत हवी असते, आणि ती सोबत बहुधा संगीताची असते. परंतु आपले गाणे शेजाऱ्याच्या माथी मारणे सभ्यपणाचे नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाने आपल्या बसगाड्यांत मोबाईलवर मोठ्याने गाणी वा चित्रफिती लावण्यास मनाई केली, ती याच कारणाने. तेव्हा इअरफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. छत्री किंवा जेवणाचा डबा यांच्यासारखीच ती रोजच्या प्रवासातील गरजेची वस्तू झाली आहे.

मग प्रश्न उरतो तो हा की, कोणता घ्यावा? दुकानात गेले की शंभर-दीडशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत माल मांडलेला असतो आणि प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. येथे कोणत्याही कंपनीची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र दोन हजार रुपयांच्या आत रोजच्या ऐकण्यास समाधानकारक असा इअरफोन मिळू शकतो, आणि तो निवडताना सर्वांत आधी पाहावयाची गोष्ट खोक्यावर छापलेली नसते, एवढे निश्चितपणे सांगता येते. ती गोष्ट म्हणजे इअरफोन आपल्या कानात नीट बसतो की नाही, ही होय.

बसणे म्हणजे काय?

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. एक, कानाच्या वाटीत नुसता टेकून राहणारा. आणि दुसरा, मऊ रबरी टोपी लावून कानाच्या नळीत थोडा आत जाणारा. या टोपीला दुकानदार ‘टिप’ म्हणतात. आपण येथे दुसऱ्या प्रकाराचा विचार करीत आहोत.

रबरी टोपीने कानाची वाट पूर्ण बंद केली की पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक लहानसा बंदिस्त कप्पा तयार होतो. खर्जाचे, म्हणजे खालच्या पट्टीतले स्वर ऐकू येण्यासाठी या कप्प्यातील हवेवर दाब पडावा लागतो. टोपी सैल असली तर हा दाब फटीतून निघून जातो. पिचकारीचा दट्ट्या सैल असला म्हणजे पाणी जसे जोराने उडत नाही, तसेच हे आहे. मग उत्तम इअरफोनही पोकळ आणि किरटा वाटू लागतो, घेणारा त्याला नावे ठेवतो आणि आणखी पैसे घालून दुसरा आणतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा चार आण्यांच्या रबराचा असतो.

सैल टोपीचा दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. फटीतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. तो दाबून टाकण्यासाठी माणूस नकळत गाण्याचा आवाज वाढवितो. कान नीट बंद झाला तर बाहेरचा कोलाहल मुळातच कमी पोहोचतो आणि हलक्या आवाजातही गाणे स्वच्छ ऐकू येते. तात्पर्य, संगीताचा गोडवा आणि कानाचे आरोग्य या दोन्ही गोष्टी त्या एका रबरी टोपीवर अवलंबून आहेत.

चांगल्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम व मोठ्या अशा निदान तीन मापांच्या टोप्या मिळतात. त्या पिशवीतच न ठेवता सर्व लावून पाहाव्यात. पुष्कळांच्या डाव्या व उजव्या कानांची मापे सारखी नसतात. तेव्हा एका कानाला मध्यम व दुसऱ्याला मोठी टोपी लागली तर आश्चर्य मानू नये. टोपी बसविताना विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर व मागे ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते आणि इअरफोन अलगद आत जातो.

आता परीक्षा अशी करावी. दोन शब्द बोलून पाहावेत. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटला तर कान नीट बंद झाला आहे. त्यानंतर गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्याबरोबर खर्ज एकदम वाढला तर टोपी लहान आहे, असे समजून मोठी लावावी. काही वेळाने कान दुखू लागला तर ती मोठी आहे. फेसासारख्या मऊ पदार्थाच्या टोप्याही मिळतात. त्या चिमटीत दाबून आत घातल्या की हळूहळू फुगून कानाचा आकार घेतात. त्या लवकर झिजतात, परंतु ज्यांच्या कानात रबर टिकत नाही त्यांना त्या सोयीच्या पडतात.

आपल्या गाण्यावर पारखावा

दुकानात ऐकवावयास बहुधा ढणढणणारे एखादे गीत लावलेले असते. त्यावर सगळेच इअरफोन प्रथमदर्शनी भारी वाटतात. आपण मात्र आपल्या घरात रोज जे ऐकले जाते, तेच लावून पाहावे. आपल्या मराठी घरांना कर्नाटकाने किती गाणे दिले आहे! पंडित भीमसेन जोशी आजच्या गदग जिल्ह्यात जन्मले, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. त्यांची गाणी ज्याच्या कानात मुरली आहेत, त्याच्यापाशी इअरफोनची परीक्षा घेण्याचे उत्तम साधन आधीच आहे.

प्रथम तानपुरा ऐकावा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १३९ असते आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांनी वाजते. ही तार स्वतंत्रपणे ओळखू येते काय? आणि तिच्यावर जवारीमुळे उमटणारी ती बारीक, चमकदार झालर ऐकू येते काय? पहिली गोष्ट नसेल तर आधी टोपी तपासावी. दुसरी नसेल तर इअरफोन वरच्या स्वरांत मंद आहे.

त्यानंतर तबला. या बाबतीत बंगळूरशी निगडित असलेल्या एका थोर शास्त्रज्ञाचे स्मरण होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असतानाच १९२० साली आपल्या चर्मवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले होते. १९३३ साली ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आले आणि त्यानंतर त्याच विषयावर त्यांनी सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर परस्परांशी मेळ खात नाहीत. तबला व मृदंग यांच्या पुडीवर मधोमध जी शाई असते, तिच्या भारामुळे मात्र हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सुसंवादी क्रमाने लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच आपला तबला नुसता वाजत नाही, तो सुरात लागतो.

याचा आपल्या खरेदीशी संबंध काय? स्वस्त इअरफोनांपैकी पुष्कळांत खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो, कारण तो दुकानात चटकन मोह पाडतो. अशा इअरफोनवर डग्ग्याचा घुमारा सर्वत्र पसरतो. दायाँ कोणत्या स्वरात लागला आहे ते समजत नाही आणि गायकाचा आवाज मागे पडतो. डग्गा घुमत असतानाच तबल्याचा ‘ना’ स्वच्छ आणि सुरात ऐकू यावा. मग गायक अथवा गायिका समोर बसून गात आहे, असे वाटावे. सकाराचे व शकाराचे उच्चार कानाला टोचू नयेत. तानपुरा, तबला आणि मनुष्याचा कंठ या तीन परीक्षांत जो उतरला, तो भावगीत, चित्रपटगीत किंवा मुलांचे आवडते पाश्चात्त्य संगीत यांतही सहसा कमी पडत नाही. निवांतपणे परीक्षा घेता यावी म्हणून परत घेण्याची मुदत देणाऱ्या दुकानातून खरेदी करणे केव्हाही बरे. मात्र आरोग्याच्या कारणास्तव कानात घातलेली वस्तू काही विक्रेते परत घेत नाहीत, तेव्हा तशी अट आधीच विचारून घ्यावी.

खोक्यावरचे आकडे

मनुष्याचा निरोगी कान सेकंदाला वीस ते वीस हजार कंपने एवढाच पल्ला ऐकतो आणि वयपरत्वे त्याची वरची मर्यादा खाली येत जाते. तेव्हा चाळीस हजारांचा आकडा पाहून भुलण्याचे कारण नाही. पडद्याचा व्यास मोठा म्हणजे आवाज चांगला, हाही समज निराधार आहे. विद्युत्-रोध मात्र पाहावा. तो सोळा ते बत्तीस ओहमच्या आसपास असला म्हणजे साधा मोबाईल असा इअरफोन सहज वाजवितो.

तारेचा की बिनतारी?

याचे उत्तर प्रथम आपल्या मोबाईलला विचारावे. अनेक नव्या मोबाईलांत इअरफोनची गोल खोबण नसते. तशी नसेल तर चार्जिंगच्या खोबणीत बसणारा इअरफोन घ्यावा लागतो किंवा मध्ये एक लहान जोडणी लावावी लागते. ही जोडणी आपल्याच मोबाईलवर चालते की नाही, ते दुकानातच पाहून घ्यावे.

त्याच पैशांत तारेचा इअरफोन सामान्यतः अधिक चांगला वाजतो. कारण त्यात बॅटरी, रेडिओ आणि डबी यांवर खर्च झालेला नसतो. त्याला चार्ज करावे लागत नाही. त्याचे मर्मस्थान म्हणजे तार. ती प्लगपाशी किंवा इअरफोनच्या मुळाशी तुटते. हजार-दीड हजारांच्या काही इअरफोनांत ही तार काढता-घालता येते आणि तुटली तर तेवढीच बदलता येते. अशी सोय असेल तर ती अवश्य घ्यावी. बंगळुरात राहणाऱ्यांना टाऊन हॉलजवळचा सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच एस. पी. रोड, ठाऊक असेलच. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुट्या भागांचा तो मोठा बाजार आहे. अशी बाजारपेठ ज्या गावी आहे, तेथे दुरुस्त होणारी वस्तू घेण्यातच शहाणपण आहे.

बिनतारी इअरफोनची सोय कोणीही नाकारणार नाही. गर्दीत तार अडकत नाही आणि मोबाईल पिशवीत राहू शकतो. परंतु त्याच्या पोटातील इवलीशी बॅटरी वापराने क्षीण होत जाते आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. दोन-तीन वर्षांनी आवाज उत्तम असूनही वस्तू निकामी होण्याचा संभव असतो. दोहोंपैकी एक हरवला तरी जोडी मोडते. तेव्हा किंमत ठरविताना ती वर्षांनी भागून पाहावी. बाहेरचा गोंगाट विजेच्या साहाय्याने घालविण्याची सोय आता स्वस्त मालातही सांगितली जाते. आतला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमका उलट आवाज निर्माण करून त्याला छेद देतो. गाडीची संथ घरघर या युक्तीने बरीच कमी होते. माणसांचे बोलणे व कर्कश भोंगे तितके कमी होत नाहीत. शिवाय टोपी सैल असेल तर ही युक्तीही लंगडी पडते.

कानाचा जमाखर्च

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या अंतःकर्णात अतिसूक्ष्म केसांसारख्या संवेदक पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या एकदा मेल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांना असुरक्षित ऐकण्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे. या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्याने घालून दिलेले प्रमाण असे की, प्रौढाने आठवड्याला ४० तास ऐकावयाचे असेल तर आवाज ८० डेसिबलपर्यंत असावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे.

डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नसतो. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५ तास. आता समजा, आपली मुलगी रोज जाताना-येताना मिळून तीन तास प्रवासात असते. पाच दिवसांचे पंधरा तास झाले. ८३ डेसिबलवर ते मर्यादेत बसतात. ८६ वर तिने मर्यादा ओलांडलेली असते. हा तीन डेसिबलांचा फरक मोबाईलवरच्या दोन-एक पायऱ्यांचा असू शकतो, आणि नीट बसलेली टोपी त्या पायऱ्या सहज वाचविते. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दिवसाकाठी दोन तासांहून अधिक इअरफोन वापरू नये आणि मध्ये विश्रांती घ्यावी, असा सल्ला दिला आहे. तेव्हा तीन तासांच्या प्रवासातला एक तास पुस्तकाला किंवा खिडकीबाहेरच्या जगाला द्यावा.

घरी डेसिबल मोजण्याचे साधन नसले तरी एक रीत पाळता येईल. रात्रीच्या शांततेत, सुखकर वाटेल एवढाच आवाज लावावा आणि ती पायरी ध्यानात ठेवावी. बसमध्ये किंवा मेट्रोत तिच्यापुढे फार तर एक-दोन पायऱ्या जावे. एकूण आवाजाच्या साठ टक्क्यांपुढे जाऊ नये, हा सर्वसाधारण दंडक समजावा. ऐकणे संपल्यावर कानात गुणगुण राहिली किंवा सर्व आवाज कापसाआडून आल्यासारखे वाटले, तर मर्यादा ओलांडली गेली, अशी ती सूचना असते. असे वारंवार झाल्यास कानाच्या वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये. मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था अशा श्रवणदोषांसाठीच असलेल्या सरकारी संस्था आहेत. घरातील वृद्धांना कमी ऐकू येत असेल तर त्यांना मोठ्या आवाजाचा इअरफोन देऊन भागवू नये; त्यांच्या कानांची तपासणी करवावी.

रस्ता ओलांडताना, दुचाकी चालविताना आणि रेल्वेच्या रुळांजवळ दोन्ही इअरफोन काढून ठेवावेत. जो इअरफोन बाहेरचा आवाज उत्तम अडवितो, तो मोटारीचा भोंगाही तितकाच उत्तम अडवितो.

घेताना आणि घेतल्यावर

वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक अथवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा. बिनतारी मालावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. पावती घ्यावी आणि हमीची मुदत तिच्यावर लिहून घ्यावी. नामांकित मालाची हुबेहूब नक्कल पदपथावर निम्म्या दरात मिळते. तिच्यात नाव तेवढे ओळखीचे असते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

वापरानंतर टोप्या काढून कोमट साबणपाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. इअरफोन दात घासण्याच्या कुंचल्याप्रमाणे ज्याचा त्याचा असावा. एकमेकांचे वापरू नयेत. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर तो बिघडला असे लगेच समजू नये. पुष्कळदा जाळीत कानातला मळ साचलेला असतो. कोरड्या मऊ कुंचल्याने, जाळी खाली धरून, तो झाडावा. तार गुंडाळताना मोबाईलभोवती आवळू नये, सैल वेढे घ्यावेत. निकामी झालेला बिनतारी इअरफोन केरात टाकू नये. त्यातील बॅटरी पेट घेऊ शकते. तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा.

बंगळुरास किंवा अन्यत्र राहणाऱ्या मुलांना वाढदिवसाला काय पाठवावे, असा प्रश्न पुष्कळ आईवडिलांना पडतो. चांगला इअरफोन ही त्यासाठी योग्य भेट आहे. पाठविताना खोक्यात टोप्यांची तिन्ही मापे आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे, आणि त्या लावून कशा पाहावयाच्या हे पत्रात चार ओळींत कळवावे.